माशाचं तेल, उकिरड्यावरचं ऊन

किस्से कोणी मुद्दाम जपून ठेवत नाही, ते आपोआप साठतात. मिक्श्चरच्या बाटलीत तळाला गाळ बसतो ना, तसे. बाटली हलवली की सगळा वर! माझी बाटली हलते ती थंडीत. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलेली असते, पाठीला छान ऊन लागत असतं आणि शेजारचं कोणीतरी येऊन विचारतं, "काय हो बाई, रोज काय एवढं उन्हात बसता?" झालं! विचारणाऱ्याचा चहा थंड होतो आणि तो तासभर जागचा हलत नाही.

तर तळोद्याच्या दवाखान्यात मी नर्स होते. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची काही वर्षं आणि लढाईतली बरीचशी. मूळची मी साताऱ्याकडची. तळोद्याकडची अहिराणी ऐकून पहिला महिनाभर मी नुसती मान हलवत होते. नंतर मात्र त्याच बोलीत भांडायला शिकले आणि मग माझं कुठेच अडलं नाही.

दवाखाना म्हणजे आम्ही चौघं. डॉक्टर दांडेकर पुण्यात शिकलेले, हुशार, तापट, पण पाच मिनिटांत विरघळणारे. बापू कंपाउंडर म्हणजे देवभोळा माणूस, कांदासुद्धा न खाणारा. खोटं बोलायचं नाही असं त्याचं व्रत होतं आणि त्या व्रतापायी आमचे निम्मे घोटाळे झाले. भिला शिपाई पहाडातली बोलीही बोलायचा आणि सपाटीवरचीही, त्यामुळे त्याच्याशिवाय पान हलत नसे. आणि चौथी मी. मला कोणी भित्री म्हटल्याचं आठवत नाही.

डॉक्टरांना एकच वेड होतं, मुडदूस. पोरांची हाडं मऊ राहतात, पाय धनुष्यासारखे वाकतात, दोन-दोन वर्षांचं पोर उभं राहत नाही, तो आजार. त्यावर दोनच औषधं, असं ते सांगत. एक सूर्याचं ऊन, दुसरं माशाच्या काळजाचं तेल. मला आधी वाटलं, या मुलखात सूर्याला काय तोटा? इथे तर दगड भाजून निघतात! पण खात्यापित्या घरांतली बाळं थंडीभर अंधाऱ्या खोलीत असायची. दार बंद, शेगडी पेटलेली आणि बाहेर न्यायचं नाव नाही, कारण गारठा बाधेल आणि त्याहून मोठं म्हणजे दृष्ट लागेल.

* * *

माशाच्या तेलाची पहिली पेटी आली तो दिवस अख्ख्या तळोद्याच्या लक्षात राहिला.

नंदुरबार स्टेशनावर पेटी उतरली आणि तिथून बैलगाडीने निघाली. रस्ता असा की बसलेल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलावं. वाटेत दोन बाटल्या फुटल्या. तेल पेटीतून गाडीत आणि गाडीतून रस्त्यावर ठिबकत आलं. तो वास! सडकी मासळी उन्हात वाळत घालावी आणि तिच्यावर रॉकेल ओतावं, तसा काहीतरी.

डॉक्टर हात मागे बांधून पायरीवर उभे होते. गावात दवंडी दिली होती, मुलांना घेऊन या, नवीन औषध येतंय. पण एकही बाई फिरकली नव्हती. डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं.

तेवढ्यात गाडी वळणावर दिसली. भिला पुढे पळत गेला, गाडीच्या मागे पाहिलं आणि तिथूनच ओरडला, "साहेब, पेशंट उनात! बठ्ठा गावना उनात!" म्हणजे पेशंट आले, अख्ख्या गावाचे आले.

गाडीच्या मागे तळोद्यातली यच्चयावत मांजरं चालत आली होती!

* * *

डॉक्टर नवे होते तेव्हाची गोष्ट. एक बाई सहा-सात महिन्यांचं गुबगुबीत पोर घेऊन आली. डॉक्टरांना इतका आनंद झाला की ते म्हणाले, "वा वा! काय गुटगुटीत बाळ आहे! असं पोर मी या तालुक्यात पाहिलं नाही!"

बाईचा चेहरा पांढरा पडला. तिने पोराला पदराखाली घेतलं, जमिनीवर तीनदा थुंकली आणि चालती झाली. औषधसुद्धा नेलं नाही.

"काय चुकलं माझं?" डॉक्टर.

बापूने समजावलं, "साहेब, इथे चांगल्याला चांगलं म्हणायचं नसतं. दृष्ट लागते. पोर चांगलं असेल तर म्हणायचं, शी, काय वाळकुडं! आई लगेच खूश होते."

डॉक्टर हुशार माणूस. एकदा शिकले की शिकले. पुढच्याच आठवड्यात नव्या मामलेदारांच्या पत्नी आपल्या लेकीला टोचून घ्यायला आल्या. त्या पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या. लेक कशी, तर नुसतं लोणी! डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "शी शी शी! काय हो हे वाळकुडं पोर! बघवत नाही!"

संध्याकाळी मामलेदार स्वतः आले. त्यांना समजावून सांगायला बापूला पाठवलं, तर बापू म्हणाला, "रावसाहेब, डॉक्टरांच्या मनात तसं नव्हतं. पण बोलले मात्र तसंच, हे खरं आहे."

* * *

हळूहळू तेल न्यायला माणसं येऊ लागली. शहाद्याच्या वाटेवरचा एक गाडीवान दर आठवड्याला बाटली संपवून नवीन मागायला यायचा. डॉक्टर त्याच्यावर फार खूश. इतर लोक बाटली महिनाभर पुरवतात आणि हा बाप पोरासाठी एवढी धडपड करतो!

एकदा त्यांनी त्याला मुद्दाम आत बोलावलं. "काय भाऊ, फरक पडला का? चालायला लागला का मुलगा?"

"पोऱ्या नही चालस साहेब," गाडीवान प्रामाणिकपणे म्हणाला. "पन गाडी भलती चालस! चाक आते जरासं बी कुरकुर करत नही!"

* * *

डब्याच्या दुधाचाही एक किस्सा आहे. विलायतेहून भुकटीचं दूध यायचं, त्यात कारखान्यातच जीवनसत्त्व मिसळलेलं. डॉक्टरांनी शहाद्याच्या एका व्यापाऱ्याला सांगितलं, "मासा चालत नाही ना? मग हे दूध मागवा. बाळाला रोज द्या. हाडं भक्कम होतील." सुरतेहून डबे आले. घरात सांगून ठेवलं की हे ताकदीचं दूध आहे, जपून वापरा.

दोन महिन्यांनी मी गेले, तर बाळ होतं तिथेच. सुनेला विचारलं, "दूध देता ना रोज?"

तिने खाली मान घातली. "रोज संपस बाई."

"मग बाळ असं कसं?"

सुनेने आतल्या खोलीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "बाळ तसंच शे. पन आबा काल जत्रामा कुस्ती खेळाले गयात!"

आबा म्हणजे तिचे सासरे. सत्तरीचे! आणि मी तरी काय बोलणार, कुस्ती ते जिंकून आले होते.

* * *

मोलगीच्या बाजाराला आम्ही एकदा मुद्दाम गेलो. डॉक्टरांना पाहायचं होतं की पहाडात मुडदूस किती आहे. पायी चढून, धापा टाकत पोचलो. बाजार भरलेला. उघडी पोरं थंडीच्या उन्हात इकडून तिकडे उड्या मारत होती.

डॉक्टरांनी एका पोराला धरलं. मनगट दाबलं, दात पाहिले, बरगड्यांवरून हात फिरवला, पाय सरळ करून पाहिले. झकास! दुसऱ्याला धरलं. तेही झकास! तिसऱ्याच्या वेळी डॉक्टरांना राहवलं नाही, त्यांनी त्याला उचलून वजनाचा अंदाज घेतला. तसा त्याचा बाप धावत आला, पोर काढून घेतलं आणि भिलाला काहीतरी तावातावाने बोलला.

"काय म्हणतो?" डॉक्टरांनी विचारलं.

भिला हसू दाबत म्हणाला, "साहेब, तो सांगस, पोऱ्या विकाना नही. बकरी पाहिजे व्हयी ते दखाडस."

परतताना पायथ्याशी आल्यावर डॉक्टर एकदम म्हणाले, "बाई, वर तेलाचा एक थेंब नाही आणि पाय बघा कसे! खाली आपण बाटल्या वाटतोय आणि पोरं अंधारात ठेवतोय." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

* * *

तापीकाठच्या एका गावात झवेरबाई नावाची बाई होती. गुजर शेतकऱ्याचं, मासमच्छी न शिवणारं घर, कापूस आणि केळीची शेती, गोठ्यात दुधाची रेलचेल. झवेरबाईचा शब्द गावात चालायचा. तिच्या सुनेचं, जमनाचं नाव घेतलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून तिचे ते खाली घातलेले डोळे येतात. जमनाची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसरा जगला. तो जगावा म्हणून जन्मल्याबरोबर झवेरबाईने त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवलं होतं आणि परत उचलून आणलं होतं. तशी रीतच आहे. टाकलेल्या वस्तूवर काळाची नजर जात नाही म्हणतात. नावही तसंच ठेवलं, कचरू.

कचरू दोन वर्षांचा झाला तरी उभा राहत नव्हता. जन्मल्यापासून त्याने ऊन म्हणून पाहिलं नव्हतं. लढाई सुरू होऊन वर्ष उलटलं होतं, त्या थंडीत झवेरबाई त्याला शालीत गुंडाळून दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरांनी पाय पाहिले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "बाई, अजून ही एक थंडी अशीच गेली, तर हे पाय असेच राहतील. मग मी काही करू शकत नाही."

दाराशी उभ्या असलेल्या जमनाने ते ऐकलं. सासूसमोर ती कधी बोलायची नाही. पण त्या दिवशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "बाई, मन्हा पोऱ्याले चालतं करा. मी काहीच मांगत नही, फक्त तो चालाले पाहिजे." त्या क्षणी मी ठरवलं, हा पोरगा चालणार. कसा, ते नंतर बघू!

बापूने तेलाची बाटली पुढे केली. झवेरबाईला वाचता येत नव्हतं, पण बाटलीवर मासा छापला होता आणि मासा ओळखायला शाळेत जावं लागत नाही.

"हाई तेल कसानं शे?" तिने विचारलं.

मी बापूला डोळ्याने खुणावत होते. डॉक्टर खोकत होते. बापूने दोघांकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाला, "माय, माशाचं. पूर्वी लहान माशाचं यायचं. लढाईमुळे ते बंद झालं. आता मोठ्या माशाचं येतं. फार मोठ्या. माणसांना खातो म्हणतात तो!"

झवेरबाई उठलीच. "जीव जावो, पन हाई आम्हना घरमा येवाले नको!"

ती गेल्यावर डॉक्टर बापूवर असे कडाडले की बाहेरची मांजरंसुद्धा पळाली. बापू शांतपणे म्हणाला, "साहेब, तिने विचारलं. न विचारती तर मी सांगितलं नसतं."

* * *

तेल नाही तर नाही. ऊन तर शाकाहारी आहे! मी गाडी जुंपायला लावली आणि झवेरबाईच्या घरी गेले. दूध भरपूर पाजा आणि रोज सकाळी अर्धा तास ऊन द्या, असं बजावून सांगितलं. दहा वेळा सांगितलं. झवेरबाईने मान हलवली.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. कचरू तसाच. अंगाला उन्हाचा स्पर्श झाल्याचं चिन्ह नाही, कातडी काकडीसारखी पांढरी.

"ऊन दिलं नाही?"

"दिधं ना बाई!" झवेरबाईला रागच आला. "तुम्हीन सांगं तसंच करं. रोज सकाय गोधडीले ऊन दिधं, नि त्याच गरम गोधडीमा पोऱ्याले गुंडाळं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. पोराला उघडं करून अंगणात ठेवा म्हटलं, तर तिने कानांवर हात ठेवले. समोरून रस्ता, येणारे-जाणारे बघणार, कोणाची तरी नजर लागणार. दोन नातवंडं गेलेली बाई ती. तिच्या डोळ्यांत जी भीती होती, तिला मी वेडेपणा कशी म्हणू?

गाडीत बसायला बाहेर आले. समोर त्यांचा उकिरडा होता. घरापुढे, रस्त्याला लागून, आणि त्याच्यावर कोवळं ऊन असं पसरलं होतं की बघत राहावं. कोंबड्या उकरत होत्या. मी तिथूनच परत फिरले.

"झवेरबाई," मी म्हटलं, "पोर जगलं कशाने?"

"उकिरडावर ठेवं म्हनीसन."

"तिथे नजर लागली त्याला?"

"उकिरडावर कोनी नजर लावस का बाई?"

"मग आता लागेल का?"

झवेरबाई वळून उकिरड्याकडे बघू लागली. आतल्या दाराआडून बांगड्या वाजल्या. जमना ऐकत होती.

* * *

दुसऱ्या दिवसापासून कचरूची खाट उकिरड्याशेजारी. खाली वाकळ, अंगावर काही नाही, कपाळाला भलीमोठी काजळाची तीट आणि बाजूला काठी घेऊन झवेरबाई. कोंबड्यांना हाकलायला नव्हे, थांबणाऱ्या माणसांना हाकलायला! डॉक्टरांना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी डोकं धरलं. "बाई, मी सूर्यस्नान सांगितलं होतं, उकिरडा नव्हे! जंतू वगैरे काही?"

"तुम्हाला जंतू हवेत की पाय?" मी विचारलं. "वाकळ रोज धुवायला लावलीय, खाट खताला टेकू देत नाहीत. आणि या मुलखात दुसरी जागाच नाही जिथे हे पोर उघडं राहील. होळीच्या आत चालवून दाखवते!"

"तेलाशिवाय?"

"तेलाशिवाय!"

बोलून गेले खरी, पण मनात धाकधूक नव्हती असं कशाला म्हणू? माघ निम्मा झाला तरी पोरगं नुसतं बसून कोंबड्यांना हाका मारत होतं. रंग मात्र बदलला होता. कातडी गव्हासारखी झाली होती आणि हाताची पकड अशी की माझं बोट सोडेना. जमना म्हणायची, "बाई, कव्हय चाली?" आणि मी ठणकावून म्हणायची, "चालणार!" कारण दुसरं काही म्हटलं असतं, तर ती तिथेच बसली असती.

मग एक दिवस ढग आले. पाऊस नाही, नुसतं मळभ आणि बोचरा वारा. झवेरबाईने कचरूला आतच ठेवलं. मी नेमकी त्याच दिवशी गेलेली. आम्ही ओट्यावर बोलत होतो. रस्त्यावर शेतावर निघालेली माणसं, पाण्याला निघालेल्या बाया, अशी पुष्कळ वर्दळ होती.

घरातून कचरू बाहेर आला. दाराची चौकट धरून आला, मग चौकट सोडली. ओट्याची पायरी बसून उतरला. उठला. एक पाऊल, दुसरं पाऊल, हात पसरून, डुलत डुलत, थेट आपल्या उकिरड्याकडे निघाला! रोजची जागा चुकली होती ना त्याची. कोंबड्या बाजूला झाल्या. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. जमना दारात आली आणि तिने पदर तोंडात कोंबला. मला तर समोरचं दिसेनासंच झालं.

झवेरबाई ताडकन उठली, काठी उगारली आणि सगळ्या गावावर ओरडली, "काय पाही ऱ्हायनात रे? चालस कोठे तो? चालस नही! अजिबात चालस नही!" आणि डोळ्यांतून पाणी घळाघळा!

रस्त्यावरची सगळी माणसं झटकन पाठ फिरवून उभी राहिली. एक म्हातारा नदीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "हा ना माय, कोठे चालस? आम्हले ते काही दिसनं नही!"

होळीच्या आदल्या दिवशी झवेरबाई तळोद्याला आली. सोबत जमना आणि केळीचा घड. कचरू आजीचं बोट धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढला, मध्येच बोट सोडलं आणि एकटाच चालत डॉक्टरांच्या टेबलापर्यंत गेला.

झवेरबाई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "डॉक्टरसाहेब, दखा. हाऊ पोऱ्या अजिबात चालस नही."

डॉक्टर खुर्चीवरून उठले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कचरूच्या त्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. मग तोंड वाकडं करून म्हणाले, "शी! काय हे वाळकुडं पोर! याच्याच्याने काय चालवतंय!"

मग झवेरबाई बापूकडे वळली. "तुम्हीन सांगा बापू. चालस का हाऊ?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी बापूकडे. कचरू तोपर्यंत बापूच्या काउंटरपाशी येऊन, दोन्ही पायांवर ताठ उभा राहून, वर त्याच्या तोंडाकडे बघत होता.

बापूने देवाच्या तसबिरीकडे तोंड करून हात जोडले आणि म्हणाला, "नाही माय. अजिबात चालत नाही!"